राक्षस पुष्कळ झाले, आता एखादा माणूस दाखव

आमच्याकडं पोरगा कॉम्प्युटरवर गेम खेळत बसला तर तो वाया गेलेला असतो. तोच पोरगा गेम बनवतो म्हणाला, तर तो नेमकं काय करतो हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळं तो इंजिनिअर ठरतो. माझा सांगलीचा भाचा या दोन्हींत बसत नाही. तो गेममधली माणसं बनवतो. त्यांची अंगं, कपडे, मिशा, जखमा, चपलांचे अंगठे. या धंद्याला कॅरेक्टर आर्ट म्हणतात. दाजींना चौकात कुणी विचारलं, ‘चिरंजीव काय करतात?’, तर दाजी ‘ॲनिमेशनला आहे’ म्हणतात आणि लगेच कोयनेत पाणी किती आलं त्यावर जातात.

चिरंजीव सध्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि पुण्यातल्या एखाद्या गेम स्टुडिओत इंटर्नशिप मिळावी म्हणून त्यांची खटपट चालू आहे. तिथं गुणपत्रिका कुणी आधी मागत नाही. आधी लिंक मागतात. लिंक उघडली की तुम्ही केलेली कामं दिसली पाहिजेत; त्याला पोर्टफोलिओ म्हणायचं. मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. खानदानात ब्रश हातात धरलेला दुसरा कुणी नाही (दाजी दाढीचा धरतात), तेव्हा ताईनं तो पोर्टफोलिओ माझ्याकडं तपासायला सोपवला. मीही मागंपुढं पाहिलं नाही. सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा निघाला तेव्हा त्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं, १९६० साली ते ‘सांगली’ झालं. त्यामुळं सांगलीकराला सल्ला देणं हा कुठलाही सातारकर आपला वडिलोपार्जित हक्क समजतो.

लिंक उघडली. पहिला राक्षस हिरवा होता. दुसरा त्याहून हिरवा होता. तिसऱ्याला शिंगं होती आणि त्या शिंगांनाही लहान शिंगं होती. त्यानंतर पावसात भिजणारा एक सामुराई, निऑनच्या पाट्यांखाली उभी असलेली लोखंडी हाताची एक मुलगी, एक ड्रॅगन, एक लाकडी पिंप आणि एक डोनट. हा डोनट कुठून आला म्हणून विचारलं तर कळलं, की ब्लेंडर हे थ्री-डीचं सॉफ्टवेअर शिकणारा जगातला जवळजवळ प्रत्येक मुलगा आधी डोनटच करतो. यूट्यूबवरच्या एका ऑस्ट्रेलियन गुरुजींनी घालून दिलेला तो धडा आहे. धड्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाढे पाठ झाल्याचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला कोण जोडतं?

राक्षसाची एक मोठी सोय असते. त्याला कुणी पाहिलेलं नसतं. त्याचं कोपर जरा वर सरकलं, मान गायब झाली, एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला, तर ‘तो तसाच आहे’ म्हणता येतं. आमच्या भाच्याचे सगळे राक्षस तसेच होते. आणि जिथं माणसं होती, तिथं ती मोठ्या हुशारीनं झाकली होती. सामुराईच्या हातांत हातमोजे, पायांभोवती धुकं. लोखंडी हाताच्या मुलीचा दुसरा, कातडीचा हात पाठीमागं. डोक्यावर केस असावेत तिथं शिरस्त्राण, आणि शिरस्त्राण नसेल तिथं सरळ टक्कल. हात, पाय, कान आणि केस या चार अवघड गोष्टींपैकी एकही गोष्ट अख्ख्या पोर्टफोलिओत उजेडात आलेली नव्हती. एवढी पडदानशीन फौज मी आधी पाहिली नव्हती.

खोटं कशाला बोलू, पाहिली होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत. ज्यांनी त्या दिल्यात त्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. ‘आठवडी बाजार’ हा विषय आला की वर्गातल्या सगळ्या पोरांचा सगळा बाजार पाठमोरा. भाजी विकणारी बाई पाठमोरी, घेणारा पाठमोरा, दोघंही एकाच दिशेला तोंड करून, मग भाव कोण कुणाला सांगतंय देव जाणे. एका गुणी विद्यार्थ्यानं बैलसुद्धा पाठमोरा काढला होता. कारण चेहरा काढायचा म्हणजे नाक काढावं लागतं, आणि नाक आलं की ओळख आली. त्या पोरांना ग्रेड मिळत आली, दहावीला वाढीव गुणही मिळत आले, आणि माणसाला पाठीमागून गाठायची सवय महाराष्ट्राच्या अंगात मुरली. आता तीच सवय थ्री-डी झाली आहे. फरक एवढाच, की थ्री-डीत पाहणारा माणूस माउस फिरवून पात्राच्या पुढच्या बाजूला येतो.

पोरगं कष्टाळू आहे, त्यात वाद नाही. ताईकडं ओव्हन नाही, तरी रात्री अकराला आतल्या खोलीतून ‘बेक होतंय, मेन स्विचला हात लावू नका’ अशी आरोळी येते. हे बेक प्रकरण मी नीट समजून घेतलं. निवृत्त माणसाला समजून घ्यायला वेळ असतो. झेडब्रशमध्ये आधी लाखो पॉलिगॉनचं शरीर कोरायचं, अगदी सुरकुती न् सुरकुती. एवढं ओझं घेऊन गेम पळू शकत नाही. म्हणून त्याच्यावरून थोड्या पॉलिगॉनचं हलकं शरीर नव्यानं बांधायचं आणि जड शरीरावरचा बारकावा चित्राच्या रूपात हलक्याच्या अंगावर उतरवायचा. हे उतरवणं म्हणजे बेकिंग. मग सब्स्टन्स पेंटरमध्ये रंग, गंज, मळ, आणि शेवटी उजेड टाकून फोटो. भाचा हा शेवटचा फोटो तेवढा दाखवत होता. मी म्हटलं, हलक्या शरीराचं जाळं दाखव. वायरफ्रेम. त्यावर, दहावीच्या मुलाला प्रगतिपुस्तक मागितल्यावर तो जसा पंख्याकडं बघतो, तसा तो पंख्याकडं बघायला लागला.

जाळ्यात खरी गोम असते. कोपराला आणि गुडघ्याला आडव्या रांगा पुरेशा नसतील तर हात दुमडताना कोपर चेपतं. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती रांगा गोल फिरल्या नाहीत तर पात्र हसलं की गाल भलतीकडं ओढला जातो. आमचा सामुराई उभा होता तोवर झकास होता. त्याचा हात वर करून दाखव म्हटल्यावर काखेत जे काही झालं, ते पाहून ताई ‘अगं बाई’ म्हणाली आणि आत गेली. स्टुडिओला काखेशी कर्तव्य असतं. गेममध्ये सामुराई पावसात नुसता उभा राहून भागत नाही, त्याला तलवार उचलावी लागते.

सांगलीला तर हे कुणी शिकवायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ केलं आणि गाव नाट्यपंढरी झालं, हे कुठलाही सांगलीकर दुसऱ्या मिनिटाला ऐकवतो. पण भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, हे ऐकवायचं राहून जातं. त्या जुन्या बाहुल्या पुढं रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळात आणल्या. बाहुलीचा सांधा चुकला तर ती भर प्रेक्षकांत अडकते. धुक्यात उभी करून वेळ मारून नेता येत नाही. ज्या गावात सांध्यांची एवढी जुनी जाण, तिथल्या पोराच्या सामुराईची काख फाटावी याचं मला वाईट वाटलं, आणि ते मी चहाच्या वेळी बोलून दाखवलं. सांगलीत बसून सांगलीचा इतिहास सांगायचा आनंद सातारकराला वरचेवर मिळत नाही.

आता पुण्याचे स्टुडिओ. साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुपटीपेक्षा थोडं जास्त. युबिसॉफ्टनं २००८ साली गेमलॉफ्टकडून पुण्यातला स्टुडिओ घेतला. सुमोचाही एक आहे. ‘इंडस’ गेमवाले सुपरगेमिंग पुण्याचेच. यातल्या बऱ्याच ठिकाणी परदेशी गेमचं काम चालतं, आणि त्या कामात इंटर्नच्या वाट्याला नायक येत नाही. नायकाच्या कमरेची पिशवी येते. फार झालं तर पट्टा. त्यामुळं दहा फुटी राक्षस पाहून समोरचा माणूस मनात एवढंच म्हणतो, की पोराला पिशवीचं बक्कल नीट जमेल का?

आणि माणसाचा चेहरा किती महाग पडतो याचं उदाहरणही पुण्याचंच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या अवताराची झलक आली. काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं होतं. जगभरच्या खेळाडूंनी त्यातल्या चेहऱ्यांवर आणि एकंदर रूपावर यथेच्छ तोंडसुख घेतलं, तारीख पुढं गेली, पुन्हा पुढं गेली, आणि २०२२ साली काम माँट्रियलला हलवलं गेलं. राक्षसाच्या चेहऱ्यावरून एवढा गहजब होत नाही. राजपुत्र कसा दिसतो हे मात्र ज्याला त्याला ठाऊक असतं. गंमत अशी, की त्याच २०२० साली पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या छोट्या चमूची ‘राजी’ आली. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर यांना पैसे जमले नव्हते. पण नायिका सर्कशीतली मुलगी, भाऊ पळवून नेलेला, हातात दुर्गेनं दिलेलं त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ. बाहेरच्या जगानं ती कौतुकानं पाहिली. भाच्याला ही सगळी माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. त्यानं ‘राजी’ खेळून संपवली होती आणि मग बसून अजून एक हिरवा राक्षस केला होता.

मी पहिलं फर्मान काढलं: निम्मं काढून टाक.

यावर घरात जो कल्लोळ झाला तो पोरापेक्षा दाजींनी जास्त केला. दाजींनी ग्राफिक्स कार्डाचे हप्ते भरलेत. ड्रॅगनच्या वेळी दोन महिने लाइटबिल कसं आलं होतं ते त्यांच्या तोंडपाठ आहे. ‘एवढा खर्च केला, आणि दाखवायचा नाही?’ हा त्यांचा सवाल व्यवहाराच्या दृष्टीनं बिनतोड होता. मी त्यांच्यापुढची भडंगाची वाटी उचलली. चांगल्या भडंगात एक खवट शेंगदाणा निघाला, तर आपण ‘बाकीचे शंभर उत्तम होते’ म्हणत नाही. वाटी खाली ठेवतो. पोर्टफोलिओ पाहणाराही तेच करतो. त्याच्याकडं वेळ नसतो. तो सगळ्यात चांगलं काम बघून हुरळत नाही, सगळ्यात कच्च्या कामावर बोट ठेवतो आणि अंदाज बांधतो, की आपलं लक्ष नसलं तर हा मुलगा इथपर्यंत घसरणार. सांगलीकराला भडंगाची भाषा लगेच पटते. डोनट त्याच संध्याकाळी गेला. पिंप गेलं. ड्रॅगनला दोन दिवसांची मुदत मिळाली, कारण ताईचा त्याच्यावर जीव होता. मोबाईलच्या वॉलपेपरला तिनं तोच ठेवला होता.

मग मजकूर. ‘माझ्याविषयी’ या सदरात झेडब्रश ९० टक्के, ब्लेंडर ८५ टक्के, फोटोशॉप ९५ टक्के अशा रंगीत पट्ट्या होत्या. हे टक्के कुठल्या बोर्डाचे, म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, ‘सगळे टाकतात मामा.’ झेडब्रशचे उरलेले दहा टक्के यायचे राहिले आहेत हे स्वतः होऊन कशाला जाहीर करायचं? पट्ट्या गेल्या. ‘मला लहानपणापासून गेमचं प्रचंड वेड आहे’ हे वाक्य गेलं; ते वाचून घरात फक्त दाजी मान डोलवत होते, आणि तीही वेगळ्या अर्थानं. ईमेलच्या पत्त्यात ‘डार्क’, ‘किलर’ आणि जन्मसाल होतं, तिथं साधं नाव-आडनाव आलं. कॉलेजात चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टात याचं काम कोणतं, हे लिहायला सांगितल्यावर कळलं की याचं काम बूट आणि ढाल. मग तसंच लिही. ‘बूट आणि ढाल माझी’ म्हणणारा मुलगा खरा वाटतो. आणि ड्राइव्हवरच्या फायलीला लावलेलं कुलूप काढ, बाबा. स्टुडिओतल्या माणसानं ‘परवानगी द्यावी’ असा अर्ज तुझ्याकडं करायचा, आणि तू तो तीन दिवसांनी वाचायचास, अशी परंपरा फक्त सरकारी कचेरीला शोभते.

हे सगळं झाल्यावर उरला खरा प्रश्न. भाचा म्हणाला, ‘राक्षस नको तर कोण करू?’

त्याला घेऊन औंधला गेलो. ताई यमाईच्या दर्शनाला, आम्ही टेकडीवरच्या भवानी संग्रहालयात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी रामायण चित्रांत काढलं. हे संग्रहालय त्यांनीच उभं केलं. तिथं रविवर्मा आहे, धुरंधर आहेत. मी भाच्याला सांगितलं, चेहरे मागाहून बघ, आधी हात बघ. बोटं कुठं वाकतात, मनगट कुठं वळतं, नखावर उजेड कसा पडतो. त्यानं पाहिलं, वहीत टिपणंही काढली. तिथंच हेन्री मूरचं आई आणि मूल आहे. खेड्यातल्या टेकडीवर हेन्री मूर कसा, याचं नवल करत मोठे मोठे लोक उभे राहतात. आमचे चिरंजीव त्याच्याभोवती फिरले, मान तिरकी केली आणि म्हणाले, ‘मामा, हे ब्लॉकआउटलाच थांबलेत. पण सिल्हूट एक नंबर आहे.’ ब्लॉकआउट म्हणजे बारकावे भरण्याआधीचा ढोबळ आकार, आणि सिल्हूट म्हणजे पात्र काळं केलं तरी ओळखू येतं का ते. मूरवर इतकं नेमकं दोन वाक्यांत बोललेलं मी आर्ट स्कूलमध्येही ऐकलं नव्हतं.

येताना त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात, औंध सातारा जिल्ह्यात, पण १९१० साली वाडी वसली ती औंधच्याच राजांनी दिलेल्या जागेवर. हे लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी रंगाचा नाद सोडला आणि यंत्रांची रेखाटनं धरली. त्यातून पुढं नांगर निघाला, कारखाना निघाला. जे येत नाही ते लांब ठेवून जे येतं ते दाखवणं, याहून चांगला पोर्टफोलिओ या दोन जिल्ह्यांत झालेला नाही. भाच्यानं विचारलं, ‘त्यांची वायरफ्रेम चांगली असणार, नाही?’ असणारच.

माणूस शेवटी सापडला तो कृष्णाकाठच्या एका तालमीत. आपल्याकडं शरीरशास्त्राचं पुस्तक विकत आणतात, आणि दोन गल्ल्या सोडून पहाटे पाचला तेच पुस्तक जोर मारत असतं. तालमीत हनुमानाशेजारी खाशाबा जाधवांचा फोटो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. भाच्यानं त्याच्याआधी तालमीत पाऊल टाकलं नव्हतं. जपानी चिलखताच्या पट्ट्या कशा ओवतात ते त्याला ठाऊक होतं, लंगोट कसा बांधतात ते मात्र विचारावं लागलं. एका पैलवानानं ते करून दाखवलं, तेव्हा त्यानं व्हिडिओ घेतला आणि कापडाच्या घड्या कुठून कुठं ओढल्या जातात ते उलटसुलट चालवून पाहिलं.

फोटो काढायचा कार्यक्रम जरा लांबला. थ्री-डीत पात्र आधी हात अंगापासून थोडे लांब धरून उभं करतात. ए-पोझ म्हणतात त्याला. पैलवानाला तसं उभं राहा म्हटलं की तो छाती फुगवायचा. सैल सोड म्हटलं की दंड फुगवायचा. कॅमेऱ्यासमोर ढिला उभा राहिलेला पैलवान हा प्रकारच नाही. शेवटी त्याला चहा पाजला आणि चहा पिताना फोटो काढले. दुसऱ्या दिवशी गेलो तर तालमीतली सगळी बारकी पोरं हात लांब धरून रांगेत उभी.

खरी मेहनत कानावर झाली. पैलवानाचा कान तुम्ही जवळून पाहिलाय का? डोकी भिडून, रगडून कानाची कूर्चा आणि कातडी यांच्यात रक्त साठतं आणि वेळेवर काढलं नाही तर तिथंच कडक होतं. आतल्या घड्या बुजतात, पाळी जाड होते, भोक चिंचोळं. या गड्याचा डावा कान असा पार मोडलेला आणि उजवा बऱ्यापैकी शाबूत, कारण तो एका अंगानं भिडायचा. झेडब्रशमध्ये एक सिमेट्रीची सोय असते; डावीकडं कोरलं की उजवीकडं आपोआप उमटतं. आमचे सारे राक्षस या सोयीवर जन्मले होते, म्हणून सगळे तंतोतंत दोन्हीकडून सारखे. पैलवानासाठी ती सोय पहिल्यांदा बंद करावी लागली. मग एकेक फरक दिसायला लागला: एक भुवई तुटलेली, एक खांदा किंचित खाली, नाक उजवीकडं झुकलेलं. राक्षसात एवढं राक्षसी काही नव्हतं.

आणि माती. हौद्यातली माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर पडलेलं असतं. सांगलीची हळद फक्त फोडणीत जाते असं समजणाऱ्यांनी एकदा तालमीत जावं. ती माती अंगावर सगळीकडं सारखी बसत नाही. पाठीच्या कण्याच्या पन्हाळीतून घाम उतरतो तिथं ती धुऊन जाते आणि कातडी चकाकते. खांद्यांवर वाळून फिकट होते, भेगाळते. कोपरांत आणि गुडघ्यांत मात्र ती मुक्कामालाच असते, आंघोळ झाली तरी. कुठं चकाकी, कुठं खरखर, याचा एक वेगळा नकाशा करावा लागतो, त्याला रफनेस म्हणतात. आधीच्या सामुराईचा रफनेस अंगभर एकच होता, त्यामुळं तो पावसात भिजलेला न वाटता प्लॅस्टिकचा वाटायचा. पैलवानाचा नकाशा करताना भाचा चार वेळा उठून तालमीत गेला, आणि एकदा तर त्यानं पैलवानाच्या पाठीला बोट लावून पाहिलं. पैलवान काही बोलला नाही. त्याला आता सवय झाली होती.

महिन्याभरानं लॅपटॉप घेऊन वस्तादांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा चढवला, पैलवान गोल फिरवून घेतला, आणि बराच वेळ पायांकडं बघत राहिले.

‘कान ब्येस झालाय. पर ह्यो उभा न्हाई.’

‘उभाच आहे की वस्ताद,’ भाचा.

‘दोन्ही पायांवर सारखा भार टाकून माणूस फोटूला उभा ऱ्हातो. एरवी न्हाई. ह्येचं वजन कुठल्या पायात हाय, दावा बरं. कुठंच न्हाई. पयल्या झटक्याला पट निघंल ह्येचा.’

वास्तविक हीच गोष्ट मी पंधरा दिवस त्रिभंगाची चित्रं काढून समजावत होतो. एका पायावर भार, कंबर तिकडं, खांदा उलट. पण ‘पट निघंल’, म्हणजे पाय खेचून पाडतील, म्हटल्यावर जे डोक्यात शिरलं ते माझ्या त्रिभंगानं शिरलं नव्हतं. त्या रात्री सांगलीत पुन्हा ‘मेन स्विचला हात लावू नका’ झालं.

शेवटी पोर्टफोलिओत तीन कामं उरली. पैलवान पहिला, समोरून, मागून, कानाजवळून, हात उघडे, पाय उघडे, बोटं मोजून घ्यावीत अशी. त्याखाली जाळं, त्याखाली नकाशे, त्याखाली ब्लॉकआउटपासूनची अर्धवट रूपं. हल्ली यंत्राला चार शब्द सांगितले की ते पैलवानाचं चित्र काढून देतं, म्हणून स्टुडिओवाल्यांना कच्चं काम बघायचं असतं. यंत्राकडं कच्चं नसतं, एकदम पक्कंच येतं, सहा बोटांसकट. दुसरं काम कॉलेजचे ते बूट आणि ढाल. आणि तिसरा, ताईच्या आग्रहानं, एक राक्षस. त्याचीही काख दुरुस्त केलेली. खुद्द पैलवानाला चित्र दाखवून परवानगी घेतली, तेव्हा त्यानं एकच दुरुस्ती सुचवली, की पोट जरा आत घे. ती कलात्मक कारणास्तव फेटाळली.

दाजी मात्र बदलले. ड्रॅगन त्यांनी कधी कुणाला दाखवला नव्हता. पैलवान ते मोबाईलवर घेऊन फिरतात, आणि बघणारेही ‘ह्यो कुठल्या तालमीतला?’ असंच विचारतात. कॉम्प्युटरवर केलाय म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मग दाजी कानावर मोठं करून दाखवतात.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका स्टुडिओतून व्हिडिओवर मुलाखत झाली. ताईनं भाच्यामागची भिंत झाडून घेतली, मी आणि दाजी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर दिवाणावर. पलीकडच्या बाईंनी डाव्या कानाबद्दल विचारलं, भाच्यानं सांगितलं. मांडीच्या जाळ्याबद्दल विचारलं, तेही जमलं. मग त्या म्हणाल्या, सगळ्या अंगावर माती आहे, मग केसांत का नाही? भाचा गप्प. दाजी दिवाणावरून दबक्या आवाजात ‘धुतले म्हणून सांग’ म्हणाले. सुदैवानं माइक लांब होता. भाच्यानं राहिलंय म्हणून सरळ सांगितलं, बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, आणि चाचणी पाठवते म्हणाल्या.

चाचणी दुसऱ्या दिवशी आली. सात दिवसांत एक बूट. चामड्याचा, वापरून झिजलेला, पॉलिगॉनची मर्यादा ठरलेली. दाजींनी तो ईमेल दोनदा वाचून घेतला.

‘एकच बूट?’

‘एकच करायचा असतो. दुसरा मिरर होतो.’

दाजींनी जरा विचार केला आणि मग काळजीच्या सुरात विचारलं, ‘मग पगार पुरा देतात का?’